भान हरपण्याचा हक्क: क्रीडामानसशास्त्रातील 'प्रवाहावस्थे'ची चिकित्सा

१

खेळाडू मनापासून खेळला की आपण म्हणतो, 'आज गडी भान हरपून खेळला.' मराठीत हे वाक्य कौतुकाचे आहे. कीर्तनकार भान हरपतो, गवई भान हरपतो, भक्ताला तर त्यासाठीच वारीला जायचे असते. आपल्या संस्कृतीने भान हरपण्याला नेहमी वरच्या पाटावर बसविले. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके भानच येऊ दिले गेले नाही, त्या समाजातून आलेल्या लेखकाला आणि वाचकाला या कौतुकापाशी जरा थांबावे लागते. दलित साहित्याचा सगळा खटाटोप भान येण्यासाठी आहे. आत्मभान हा आपल्या चळवळीचा पहिला शब्द आहे. मग स्वतःचे भान हरपणे हे आनंदाचे आणि उत्तम कामगिरीचे लक्षण आहे असे सांगणारे एक शास्त्र विद्यापीठांच्या मैदानांवर येते आणि आपल्या मुलांच्या हाती प्रश्नावली देते, तेव्हा त्या शास्त्राशी आपले नाते काय, हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. तो आपल्या विचाराचा प्रश्न होतो.

हे शास्त्र टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. त्यात एक मोठे सत्य आहे. परंतु ते सत्य ज्या शब्दांत मांडले गेले आहे, त्या शब्दांनी दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. ही गाठ सोडविणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२

मिहाय चिक्सेंटमिहाय हे या सिद्धान्ताचे जनक. १९३४ साली जन्मलेले हे हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ. महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या युरोपात त्यांचे बालपण गेले. घर, नोकरी, प्रतिष्ठा गमावताच भोवतालची मोठी माणसे आतून कोसळताना त्यांनी पाहिली, आणि माणसाचे जगणे जगण्यासारखे कशाने होते, हा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न खरा आहे आणि तो दुःखाच्या अनुभवातून आलेला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, संगीतरचनाकार, नर्तक, बास्केटबॉल खेळणारी शाळकरी मुले, शल्यविशारद अशा निरनिराळ्या लोकांना बोलते केले. त्यातून १९७५ साली 'बियाँड बोअरडम अँड अँग्झायटी' हा ग्रंथ आला आणि १९९० साली 'फ्लो' हा जगभर गाजलेला ग्रंथ. २०२१ साली त्यांचे निधन झाले. 'फ्लो'ला मराठीत प्रवाहावस्था म्हणता येईल.

या अवस्थेची नऊ लक्षणे सांगितली जातात. आव्हान आणि कौशल्य यांचा समतोल, कृती आणि जाणीव एकजीव होणे, स्पष्ट उद्दिष्ट, केलेल्या कृतीचा परिणाम तत्काळ कळणे, हातातल्या कामावर संपूर्ण एकाग्रता, सूत्रे आपल्या हाती असल्याची भावना, स्वतःविषयीच्या भानाचा लोप, काळाची जाणीव बदलणे, आणि कृतीतच कृतीचे फळ मिळणे. ज्याने एकदा तरी कबड्डीच्या मैदानावर चढाई केली आहे त्याला ही लक्षणे समजावून सांगावी लागत नाहीत. दम घेतला, मध्यरेषा ओलांडली की समोरचे सात गडी, त्यांचे पाय, बोनसची रेषा एवढेच जग उरते. तीस सेकंद संपले की वाटते, किती वेळ गेला कोण जाणे.

सुसान जॅक्सन आणि हर्बर्ट मार्श यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात या अवस्थेची मापिका तयार केली. तीत ३६ विधाने आहेत, प्रत्येक लक्षणाला ४. खेळाडूने सामन्यानंतर प्रत्येक विधानापुढे १ ते ५ यांपैकी एक अंक निवडायचा. १९९९ साली जॅक्सन आणि चिक्सेंटमिहाय यांचे खेळांविषयीचे स्वतंत्र पुस्तकही आले. आता आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाच्या विभागांतूनही आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठीय खेळाडूंकडून असल्या मापिका भरून घेतल्या जातात. सांघिक खेळाचा खेळाडू आणि एकट्याने खेळणारा खेळाडू, मुलगे आणि मुली, अशा तुलना होतात, सरासऱ्या निघतात आणि प्रबंध सादर होतात.

३

या मापिकेतील स्वभानाच्या लोपाची विधाने वाचावीत. इतर लोक माझ्याविषयी काय विचार करीत असतील याची मला फिकीर नव्हती, असा त्यांचा आशय आहे. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या जलतरणपटूला हे विधान सरळ वाटेल. आता ते आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयातून विद्यापीठाच्या संघात आलेल्या दलित मुलापुढे ठेवू या. प्रवेशअर्जावर त्याची जात आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत आहे, वसतिगृहाच्या फलकावर आहे, पडताळणीच्या प्रमाणपत्रावर आहे. संघाच्या सराव शिबिरात पहिल्या दिवशी त्याला नाव विचारले जाते. नाव सांगितले की आडनाव, आडनावाने भागले नाही की गाव, आणि गावानेही भागले नाही की गावात घर कुठे, हे विचारले जाते. विद्यापीठाच्या प्रत्येक कागदावर जातीचा रकाना असतो. एवढी ३६ विधानांची मापिका तेवढी त्याला अपवाद आहे. हा मुलगा 'इतरांची फिकीर नव्हती' या विधानापुढे २ हा अंक लिहितो.

संशोधक या २ चा अर्थ काय लावील? या खेळाडूचे मन कणखर नाही, त्याला एकाग्रतेचे प्रशिक्षण द्यावे, डोळे मिटून यशाचे चित्र पाहायला शिकवावे. म्हणजे रोग पाहणाऱ्याच्या डोळ्यात आणि औषध मात्र ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला! आपल्या समाजव्यवस्थेची ही जुनीच रीत आहे. विटाळ मानणारा निरोगी आणि ज्याचा विटाळ होतो त्याने स्वतःला धुऊन घ्यावे, हीच ती रीत. शास्त्राची भाषा लावली म्हणून ती नवी होत नाही.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ३२१ वरच्या जातींतील आणि ३२१ खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलगे त्यांनी घेतले आणि त्यांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. सोडविलेल्या चक्रव्यूहांवर पैसे मिळणार होते. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परंतु सर्वांसमक्ष मुलांची नावे, बापाचे नाव, गाव आणि जात पुकारली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. २००६ साली हे निष्कर्ष एका मान्यवर अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बुद्धी तीच, बोटे तीच, कोडे तेच. बदलला तो फक्त भोवतालचा आवाज.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ सालीच या अवस्थेला दुहेरी जाणीव असे नाव दिले होते. आपल्याला तुच्छ मानणाऱ्याच्या डोळ्यांनी सतत स्वतःकडे पाहत राहणे, हा तिचा गाभा. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, हे या संदर्भात आठवते. दोघांनाही ठाऊक होते की गुलामगिरी पायातल्या बेडीत जेवढी असते, तेवढीच ती आत बसलेल्या त्या परक्या डोळ्यात असते.

येथे ती गाठ सुटू लागते. भान दोन प्रकारचे असते. एक धास्तीचे भान. दुसऱ्याचा डोळा आपल्या आत येऊन बसतो आणि चेंडू येण्याआधी, पकड करण्याआधी आपल्याला टोचतो: 'चुकलास तर तुझी जात काढतील.' दुसरे आत्मभान. मी कोण आहे, माझ्या माणसांचा इतिहास काय आहे आणि माझी मान कशासाठी ताठ आहे, याची जाण. पहिले भान खेळाचा घात करते. दुसरे भान खेळाला कणा देते. प्रवाहावस्थेच्या सिद्धान्ताने 'स्वभानाचा लोप' असा एकच शब्द वापरला आणि दोघांनाही एकाच दाराने बाहेर काढले. स्वतः चिक्सेंटमिहाय यांनी लिहिले आहे की अशा अनुभवानंतर माणसाचे 'स्व' अधिक बळकट होऊन परतते. परंतु जे परत यायचे ते नेमके कोणते, आणि जे कधीच परत येऊ नये ते कोणते, हा भेद त्यांच्या मांडणीत हाती लागत नाही. तो भेद करण्याची गरज ज्यांना पडते, ती माणसे त्यांच्या मुलाखतींच्या यादीत फारशी नव्हती.

४

आता आव्हान आणि कौशल्य यांच्या समतोलाकडे वळू. आव्हान मोठे आणि कौशल्य कमी असेल तर चिंता वाढते, कौशल्य मोठे आणि आव्हान कमी असेल तर कंटाळा येतो, दोन्ही जुळले की प्रवाह सुरू होतो, अशी ही मांडणी आहे. कागदावर ती तराजूसारखी नीट दिसते. परंतु तराजूत कोण काय टाकतो? आव्हान प्रतिस्पर्धी संघ टाकतो असे सिद्धान्त धरून चालतो. आपल्याकडे आव्हानाच्या पारड्यात स्वतःचा संघही वजने टाकीत असतो.

पळवणकर बाळू यांचे उदाहरण विद्यापीठांच्या मैदानाआधीचे आहे, परंतु त्यावाचून या देशातील सांघिक खेळाचा विचार पुरा होत नाही. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखणारा नोकर होता. गोऱ्या साहेबांना सराव मिळावा म्हणून तो तासन् तास गोलंदाजी करी. फलंदाजी त्याला मिळाली नाही. बॅट हे मालकाचे हत्यार होते. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला तो हवासा झाला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत होते, आणि चहाच्या वेळी तोच बाळू बाहेर उभा राहून मातीच्या भांड्यातून चहा पीत होता. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्याला मिळाले नाही. १९२० साली त्याचा भाऊ विठ्ठल याला डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, त्या भावंडांचे कौशल्य आणि प्रतिस्पर्ध्याचे आव्हान यांचा समतोल केव्हाच जमला होता. जमत नव्हते ते स्वतःच्या संघाशी. दोन, विठ्ठल आणि शिवराम यांनी माघार घेतली ती आत्मभानाच्या बळावर, आणि त्यानंतर तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार म्हणून मैदानात उतरला. आत्मभान जागे असले की खेळ बिघडतो, या समजुतीला हा आपल्या घरचाच पुरावा खोटे पाडतो.

संघात कोणाला कुठे उभे करायचे, हाही मानसशास्त्राचा प्रश्न आहे. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेलव्होग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवून दिले की तिकडच्या बेसबॉल आणि फुटबॉलच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू कडेच्या जागांवर अधिक असत, आणि जिथून डाव चालवायचा त्या मधल्या जागा गोऱ्यांकडे राहत. सूत्रे आपल्या हाती असल्याची भावना हे प्रवाहावस्थेचे एक लक्षण. ज्याला सूत्रे कधी दिलीच जात नाहीत, त्याने ती हाती असल्याची भावना कुठून आणावी?

मग साधनांचा प्रश्न. गावाकडच्या महाविद्यालयातला कबड्डीपटू मातीवर अनवाणी घडतो. आंतरविद्यापीठीय स्पर्धेत तो मॅटवर बूट घालून उतरतो. त्याचे कौशल्य कमी झालेले नसते, पण पायाला जमिनीचा भरवसा वाटत नाही. पाय जमिनीचा विचार करू लागला की कृती आणि जाणीव एकजीव होत नाहीत. मापिका याला मनाची त्रुटी म्हणून मोजील. ती त्रुटी महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकातली आहे.

५

नववे लक्षण सर्वांत लाडके आहे. कृती कृतीसाठीच करावी, फळ तिच्यातच आहे. आपल्याकडे हे ऐकताच लोकांना निष्काम कर्मयोग आठवतो, आणि योगविद्येशी असलेले साम्य तर चिक्सेंटमिहाय यांनीही मोठ्या आदराने नोंदविले आहे. साहित्यातही 'कलेसाठी कला' म्हणणाऱ्यांची हीच भूमिका होती. दलित साहित्याने तिला पहिल्यापासून नकार दिला तो अनुभवाने शहाणे होऊन.

हलगीचे उदाहरण घ्या. हलगी वाजविणाऱ्याच्या हातात प्रवाहावस्थेची बहुतेक सगळी लक्षणे दिसतील. कौशल्य आहे, एकाग्रता आहे, काळाचे भान सुटले आहे. परंतु देवाच्या पालखीपुढे आणि गावच्या मिरवणुकीत हलगी वाजविणे हे त्याच्यावर जातीने लादलेले काम होते. तो तल्लीन झालेला दिसला की गाव म्हणे, 'बघा, किती आनंदात आहे!' त्याचा आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. माणूस दगडाखालीही उगवतो. परंतु त्या आनंदाचा दाखला देऊन गावाने त्याची गुलामी गोड ठरविली. आनंदाचे मोजमाप करताना ती कृती नाकारण्याची मुभा होती काय, हे विचारले नाही तर मोजमाप मालकाच्या कामी येते.

संस्कृत काव्यशास्त्रातही हेच घडले. अभिनवगुप्ताने रसास्वादाची विघ्ने सांगितली, त्यांत प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेला असणे हे एक विघ्न आहे. म्हणजे ज्याच्या पोटात भूक आहे, तो सहृदय ठरायला नालायक! दुःखाचे कारण विचारायचे नाही, दुःखी माणसाला नाट्यगृहाबाहेर ठेवायचे. क्रीडामानसशास्त्र नकळत हीच विघ्नांची यादी नव्या भाषेत लिहू लागले तर आपण सावध असले पाहिजे.

दलित, आदिवासी, भटक्या जमातींतील मुलांना खेळ कृतीसाठी कृती म्हणून परवडत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे यांचे संघ आहेत. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर आले आहेत. चढाई करताना त्या मुलाच्या डोक्यात नोकरी असते, बहिणीचे लग्न असते. म्हणून त्याचा खेळ हलका ठरतो काय? येथे चिक्सेंटमिहाय यांच्याशी न्यायाने वागले पाहिजे. बहुतेक कामांत आतले आणि बाहेरचे हेतू मिसळलेलेच असतात, हे त्यांनी मान्य केले आहे आणि शल्यविशारदाचा दाखला दिला आहे. त्यांचे अनुयायी मात्र पुष्कळदा निष्काम खेळाडूची मूर्ती करून तिला ओवाळीत बसतात. शल्यविशारदाने पैसे घेतले तर ती प्रतिष्ठा, आणि आमच्या मुलाने नोकरीसाठी खेळले तर ती हलकी प्रेरणा, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

महाराष्ट्रातील राज्यस्तरीय आंतरविद्यापीठीय क्रीडामहोत्सवाचे नाव 'अश्वमेध' आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात घोड्याचा वेग असेल. पण अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा धावतो, शेवटी त्याचा बळी जातो, आणि पुण्य राजाला मिळते. घोड्याला विचारले असते तर तोही बहुधा प्रवाहावस्थेत होता असे मापिकेने सांगितले असते! धावण्याचे फळ धावण्यातच आहे, हे तत्त्वज्ञान घोड्याला शिकविणे राजाला नेहमीच सोयीचे असते.

६

संघाच्या एकजिनसीपणासाठी खेळाडूने आपली ओळख मैदानाबाहेर ठेवून यावे, असे प्रशिक्षक सांगतात. या उपदेशाची परीक्षा १९६९ साली अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात झाली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ पहिले चारही सामने जिंकून ऐन भरात होता. पुढचा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी होता. ते विद्यापीठ मॉर्मन चर्चचे, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. आपल्याकडच्या गाभाऱ्याचीच ही दुसरी आवृत्ती. वायोमिंगच्या संघातील १४ कृष्णवर्णीय खेळाडू निषेधाची काळी फीत बांधण्याविषयी बोलायला प्रशिक्षकांकडे गेले. प्रशिक्षकांनी चौदाही जणांना संघातून काढून टाकले. ब्रिगहॅम यंगविरुद्धचा सामना संघाने ४०-७ असा जिंकला, त्यानंतरचा सॅन होजे स्टेटशी असलेला सामनाही जिंकला. त्या सामन्यात प्रतिपक्षाच्या खेळाडूंनीच काढलेल्या चौदा जणांसाठी फिती बांधल्या होत्या. मग मोसमातले उरलेले चारही सामने संघ हरला. पुढच्या वर्षी दहा सामन्यांपैकी त्याला एकच जिंकता आला. २०१९ साली, पन्नास वर्षांनी, विद्यापीठाने त्या खेळाडूंची माफी मागितली.

हे चौदा जण आत्मभान असलेले खेळाडू होते, आणि आत्मभान असतानाच त्यांनी संघाला चार विजय मिळवून दिले होते. संघाचा प्रवाह तुटला तो त्यांच्या आत्मभानाने नव्हे. ते सहन न झालेल्या सत्तेने तो तोडला.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण विद्यापीठाच्या मैदानाबाहेरचे आहे, पण ते सांघिक खेळाचेच आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया या दलित खेळाडूने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्टला भारत उपांत्य सामना हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावी सवर्ण तरुणांनी तिच्या घरासमोर फटाके उडवून जातीवाचक शिव्या दिल्याची तक्रार झाली. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असा त्यांचा हिशेब. ६ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात वंदनाने पुन्हा गोल केला. एखादा प्रशिक्षक म्हणेल, पहा, खऱ्या खेळाडूला कशाचा फरक पडत नाही. हे कौतुक क्रूर आहे. इतरांना जी एकाग्रता फुकट मिळते, तिच्यासाठी आपल्या मुलींनी अपमानाची किंमत मोजावी आणि वर कणखरपणाचे प्रमाणपत्र घ्यावे, असा त्याचा अर्थ होतो.

७

मग प्रवाहावस्था आपण सवर्णांना सोडून द्यायची काय? मुळीच नाही. ती आपल्यालाही हवी आहे. एवढेच की ती कुठून येते, याचे उत्तर एकट्या खेळाडूच्या डोक्यात शोधून चालणार नाही.

चिक्सेंटमिहाय यांचेच एक शिष्य कीथ सॉयर यांनी जाझचे वादक आणि उत्स्फूर्त नाट्यप्रयोग करणारे नट यांचा अभ्यास करून समूहाच्या प्रवाहावस्थेची मांडणी केली. २००७ च्या त्यांच्या ग्रंथात या अवस्थेच्या ज्या अटी आहेत त्यांत एकमेकांचे लक्षपूर्वक ऐकणे आहे, परस्परांचा परिचय आहे, आणि समान सहभागही आहे. कोणी एक जण दुसऱ्यांवर वर्चस्व गाजवू लागला की प्रवाह थांबतो. समता हा नीतीचा मुद्दा म्हणून आपण मांडत आलो. येथे ती उत्तम सामूहिक खेळाची अट म्हणून पुढे येते. सिद्धान्तातील हा भाग आपल्या उपयोगाचा आहे, आणि आपल्याकडच्या प्रबंधांनी खरे तर त्याच्यावरच काम करायला हवे.

बाबासाहेबांना ही गोष्ट फार आधी दिसली होती. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या विचारातून आलेली सामाजिक अभिसरणाची कल्पना त्यांनी १९१९ च्या साउथबरो समितीपुढील निवेदनात वापरली आणि १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तिला बंधुतेच्या विचाराशी जोडले. मूळ शब्द वनस्पतिशास्त्राचा आहे. पेशीच्या पडद्यातून रस जसा पलीकडे झिरपतो, तसे अनुभव माणसामाणसांत झिरपले पाहिजेत. जातीने नुसते काम वाटले नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडले, ही त्यांची मांडणी आपण वाचली आहे. चांगला संघ म्हणजे या तुटलेपणाच्या उलट जे असते ते. खो-खोमध्ये बसलेल्या गड्याला मागून पाठीवर तळवा पडतो, 'खो' ऐकू येते आणि तो सुटतो. मागे वळून तो हात कुणाचा आहे हे तो पाहत नाही. पाहत बसला तर खेळच संपेल.

कबड्डी याहून पुढे जाते. या खेळाचा सगळा हिशेब स्पर्शाचा आहे. ज्या देशात स्पर्शाला प्रायश्चित्त होते, त्या देशाच्या मातीत स्पर्शाला गुण देणारा खेळ जन्मला, ही साधी गोष्ट नाही. पकड करणारे गडी हातात हात घालून साखळी करतात. साखळीतला हात घामेजला म्हणून कुणी सोडत नाही, कारण सोडला तर चढाईपटू तेथूनच निसटतो. जुन्या बोलीत बाद झालेला गडी 'मरतो' आणि आपल्या संघाने गुण घेतला की 'जिवंत' होतो. एकाचा पुनर्जन्म दुसऱ्याच्या कष्टावर अवलंबून असतो, आणि त्यासाठी पूर्वजन्मीचे पुण्य लागत नाही!

परंतु भाबडे होऊन चालणार नाही. मैदानावर हातात हात घालणारी साखळी मुक्कामाच्या जागी तुटते. ताट कुणाबरोबर, खोली कुणाबरोबर, घरच्या लग्नाचे आमंत्रण कुणाला, येथे ती तुटते. बाळूच्या मातीच्या भांड्याचे आकार बदलले, भांडे गेलेले नाही. आणि जो गडी रात्री मुक्कामाच्या खोलीत एकटा पडला आहे, त्याने सकाळी साखळीत उभे राहून स्वतःला विसरावे, ही अपेक्षा अमानुष आहे. त्याचा हात साखळीत असतो, मन मात्र रात्रीचा हिशेब मांडीत असते. विसर हा एकट्याने साधायचा योग नाही. तो भोवतालच्या माणसांनी द्यायचा असतो. तुझ्याकडे आम्ही वाकड्या डोळ्याने पाहणार नाही, असा भरवसा त्यांनी रोजच्या वागण्यातून दिला, तरच आत बसलेला तो परका डोळा मिटतो.

आणि तो मिटल्यावर जे उरते त्याला बेभानपणा म्हणू नये. डाव्या कोपऱ्यावरचा रक्षक चढाईपटूच्या घोट्यावर झडप घालतो तेव्हा त्याचे भान सर्वांत तल्लख असते. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे, म्हणजे जे घडते आहे त्याविषयीची पूर्ण जागृती. खेळाडूची उत्तम अवस्था गांजेकसाच्या तंद्रीपेक्षा या जागृतीच्या जवळची आहे. म्हणून 'भान हरपणे' हा मराठी शब्दप्रयोगच येथे फसवा आहे. उत्तम खेळात भान एकवटते. हरपते ती फक्त धास्ती.

८

यातून काही गोष्टी निघतात. शारीरिक शिक्षणाच्या विभागांनी परदेशी मापिका जशीच्या तशी भाषांतरित करून मुलांपुढे ठेवू नये. खेळाडूला त्याच्या एकाग्रतेविषयी विचारण्याबरोबर संघाविषयीही विचारावे. तुझे आडनाव संघात कुणी काढले काय? शिबिरात तू कुणाबरोबर जेवलास? निर्णायक चढाई तुला कितीदा दिली गेली? पंचाविरुद्ध किंवा निवड समितीविरुद्ध दाद मागायची झाली तर मागता येते काय? या प्रश्नांची उत्तरे हातात नसताना काढलेली प्रवाहावस्थेची सरासरी म्हणजे नाडी न पाहता लिहिलेला कागद आहे.

दुसरी गोष्ट आपल्याच लेखकांना सांगायची. आपल्या आत्मकथनांत शाळा आहे, भूक आहे, गावकुस आहे, पाणवठा आहे. मैदान त्यामानाने फार थोडे आहे. विठ्ठल पळवणकर यांनी १९४८ साली 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. दलित आत्मकथनांची लाट येण्याच्या कितीतरी आधीचे हे पुस्तक आपल्या समीक्षेच्या चर्चेत क्वचितच येते. वेदना आणि नकार यांच्याबरोबर सामर्थ्याचा आणि आनंदाचा अनुभवही आपला आहे. जिंकलेल्या चढाईनंतर मध्यरेषेवर टेकलेल्या हाताचा आनंद लिहिला म्हणून विद्रोह पातळ होत नाही. तो आनंद कुणी हिरावला, कुणी वाटून घेतला, कुणाच्या डोळ्यांत तो खुपला, हे लिहिले की विद्रोह आपोआप येतो.

विद्यापीठांच्या मैदानांवर आज जी आपली मुले-मुली उभी आहेत, त्यांना कणखर व्हा, जात विसरा, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतील. त्यांना आपण एवढेच सांगावे की जात विसरायची जबाबदारी आधी ज्यांनी ती लक्षात ठेवली आहे त्यांची आहे. आमच्या मुलांना खेळता येते. त्यांनी आपले आत्मभान घेऊनच मैदानात उतरावे.